टेंडनच्या दुखण्यावर हायल्युरॉनिक अॅसिडचं इंजेक्शन: घ्यायचं का, आणि घेतलं तर त्याचा पूर्ण उपयोग कसा करून घ्यायचा

मी फिजिओ आहे, इंजेक्शन देणारी नाही. इंजेक्शन घेऊन झालेली किंवा घेऊ का नको या घोळात अडकलेली माणसं माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कुणी नीट बसून सांगितलेलंच नसतं की सुईतून जे आत जातं ते नेमकं करतं काय आणि त्यानंतरचे तीन महिने आपण काय करायचं असतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय. कोपर, खांदा, टाच, गुडघ्याच्या वाटीखालचा भाग, मनगट, यातलं काही महिनोन्‌महिने दुखतंय आणि डॉक्टरांनी हायल्युरॉनिक अॅसिड सुचवलंय, तर हे तुमच्यासाठी आहे. सांध्यात, म्हणजे गुडघ्याच्या झिजेसाठी जे देतात ते वेगळं प्रकरण, औषध तेच पण जागा आणि हिशोब वेगळा.

आत चाललंय काय

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारा पांढरा चिवट पट्टा. त्यात मुख्यतः टाइप १ कोलॅजन या प्रथिनाचे धागे असतात, एकमेकांना समांतर, दाट बसलेले, मध्ये पेशी अगदी थोड्या आणि रक्तपुरवठाही स्नायूच्या मानाने खूपच कमी. हा टिश्यू किती सावकाश बदलतो याचा एक पुरावा मला फार महत्त्वाचा वाटतो. १९५० आणि ६० च्या दशकात उघड्यावर अणुचाचण्या झाल्या तेव्हा हवेत कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, वाढला आणि त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरातही तो गेला, संशोधकांनी पुढे त्याच पिढीतल्या लोकांच्या टाचेमागच्या अकिलीस टेंडनच्या गाभ्यातला कार्बन मोजला, आणि २०१३ मध्ये छापून आलं की हा गाभा साधारण १७ वर्षांच्या वयापर्यंत तयार होतो आणि नंतर जवळजवळ नव्याने बनतच नाही. म्हणजे चाळिशीत तुमच्याकडे जो अकिलीस आहे त्याचा गाभा शाळेतलाच आहे. हे कळलं की "दोन आठवड्यांत बरं करा" ही अपेक्षा आपोआप कमी होते.

टेंडन सतत जास्त ताणला गेला, किंवा बरेच दिवस काहीच काम न करता एकदम भरपूर काम पडलं, तर त्यातले धागे विस्कटायला लागतात, टाइप ३ कोलॅजन वाढतं जे तितकं मजबूत नसतं, पाणी धरून ठेवणारा पदार्थ वाढतो त्यामुळे टेंडन जाड होतो, आणि एरवी जिथे नसतात तिथे बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्याबरोबर नर्व्हची टोकं शिरतात. याला टेंडिनोपथी म्हणतात. पूर्वी सगळ्यालाच टेंडिनायटिस म्हणायचे, म्हणजे सूज, पण जुनाट दुखण्यात नेहमीसारखी सूज फारशी नसते, म्हणून तर सूज उतरवायच्या गोळ्या खाऊन पहिले काही दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच.

आता हायल्युरॉनिक अॅसिड. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गायीच्या डोळ्यातल्या जेलीतून ते पहिल्यांदा वेगळं केलं. ही एक लांबच लांब साखरेची साखळी आहे, दोन प्रकारचे साखरेचे रेणू आलटून पालटून हजारो वेळा जोडलेले, आणि ती भरपूर पाणी धरून ठेवते. ७० किलोच्या माणसात ते साधारण १५ ग्रॅम असतं आणि त्यातलं जवळपास एक तृतीयांश रोज मोडून नव्याने बनतं. म्हणजे परकं काही नाही, तुमच्या सांध्यातल्या वंगणात, त्वचेत, टेंडनच्या आवरणात ते आहेच. १९७० च्या दशकात शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यात वापरलं गेलं, मग माणसांच्या गुडघ्यात आलं (अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेसाठी १९९७ मध्ये मान्यता मिळाली), आणि तिथून हळूहळू टेंडनच्या आजूबाजूला द्यायला सुरुवात झाली.

पेशंटला बहुतेक वेळा सांगितलं जातं की मशीनला ऑईल टाकल्यासारखं आहे. हे अर्धंच खरं आहे. टेंडन आपल्या आवरणात सरकतो तिथे घर्षण कमी होतं हे बरोबर, आणि हाताच्या टेंडनच्या ऑपरेशननंतर टेंडन आजूबाजूला चिकटू नये म्हणूनही ते वापरून बघितलंय. पण टोचलेलं साधं हायल्युरॉनिक अॅसिड शरीर काही दिवसांतच साफ करून टाकतं, रक्तात पोचलं की तर मिनिटांत, आणि तरी ज्यांना फायदा होतो त्यांना तो आठवडे, कधी महिने टिकतो, म्हणजे नुसत्या वंगणाने हे समजावता येत नाही. पेशींवर सीडी४४ नावाचा रिसेप्टर, म्हणजे सिग्नल पकडणारी जागा, असते त्याला ते चिकटतं, सूज आणि वेदनेचे सिग्नल थोडे शांत होतात, असं लॅबमधल्या कामातून दिसतं. मात्र माणसाच्या शरीरात विस्कटलेले धागे त्याने परत सरळ होतात, टेंडन "नवा" होतो, असं सिद्ध झालेलं नाही. कुणी असं सांगत असेल तर त्यांना शांतपणे विचारा की कशावरून.

तर माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की हे इंजेक्शन दुखणं काही आठवडे खाली आणू शकतं, टेंडन मजबूत करायचं काम मात्र वजन आणि व्यायामच करतात, आणि दुखणं खाली असलेले ते आठवडे व्यायामात घातले नाहीत तर इंजेक्शन बरंचसं वाया जातं. पुढचं सगळं या हिशोबाने वाचा.

पहिलं काम: दुखणं खरंच टेंडनचं आहे ना

हे कंटाळवाणं वाटेल पण इथेच सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ वाया जातो. टेंडनचं दुखणं बहुतेक वेळा एका बोटाने दाखवता येतं, सकाळी किंवा बसून उठल्यावर आखडलेलं असतं, थोडं हललं की सैल होतं, आणि जास्त काम केलं की त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी ठणकतं. तुमचं दुखणं पसरलेलं असेल, मुंग्या येत असतील, मान वळवली की कोपरात किंवा खांद्यात कळ जात असेल, तर आधी मानेची तपासणी करून घ्या, कारण मानेतली नर्व्ह दबली तरी कोपराच्या बाहेरच्या बाजूला अगदी टेनिस एल्बोसारखंच दुखू शकतं. दोन्ही टाचा एकदम दुखतायत, सकाळी अर्धा-एक तास अंग आखडतं, कंबरही धरते, आणि वय कमी आहे, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही अकिलीस जाड होऊन गाठी जाणवत असतील तर कोलेस्टेरॉल तपासा, आनुवंशिक हाय कोलेस्टेरॉलमध्ये तिथे चरबी साठते. कंबरेच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, एका कुशीवर झोपता येत नाही असं, त्याला वर्षानुवर्षं बर्सायटिस, म्हणजे हाडाजवळच्या पाण्याच्या पिशवीची सूज, म्हटलं गेलं पण बऱ्याच वेळा तो तिथल्या ग्लुटियल, म्हणजे नितंबाच्या स्नायूंच्या टेंडनचा त्रास असतो.

आणि अचानक "टक्‌" आवाज होऊन, मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटून पोटरीत दुखायला लागलं असेल, चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर इंजेक्शनचा विचारही नको, टेंडन तुटलेला असू शकतो. पोटावर झोपून पाय पलंगाबाहेर ठेवायचा आणि दुसऱ्याने पोटरी दाबायची, पाऊल खाली हललं नाही तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा.

सोनोग्राफी एकदा करून घ्यावी असं माझं मत आहे. टेंडन किती जाड आहे, फाटलाय का, किती, कॅल्शियम साठलंय का, आवरणात पाणी आहे का हे त्यात दिसतं. खांद्यात कॅल्शियमचा खडा असेल तर सुईने तो धुवून काढायची वेगळी पद्धत आहे. पण रिपोर्टला घाबरायचं नाही, ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांच्या टेंडनमध्येही सोनोग्राफीत बिघाड दिसतात.

कुठल्या जागेसाठी घेण्यात अर्थ आहे

टेनिस एल्बोवर बऱ्यापैकी काम झालंय. २०१० मध्ये रॅकेटचे खेळ खेळणाऱ्या ३३१ खेळाडूंवरचा एक अभ्यास आला होता, आठवड्याच्या अंतराने दोन इंजेक्शनं कोपराजवळ, एका गटाला हायल्युरॉनिक अॅसिड आणि दुसऱ्याला सलाईन, त्यात पहिल्या गटाचं दुखणं आणि पकडीची ताकद जास्त सुधारली. अकिलीसच्या मधल्या भागाच्या दुखण्यात २०१७ मध्ये शॉकवेव्हशी (मशीनने बाहेरून दाबाच्या लहरी देण्याचा उपचार) तुलना झाली, ५९ पेशंट, हायल्युरॉनिक अॅसिडचा गट पुढे राहिला. खांद्यात रोटेटर कफ, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे टेंडन, त्यांच्या वरच्या जागेत ते बऱ्याच वर्षांपासून देतात, तिथे निकाल मिश्र आहेत, काही अभ्यासांत फायदा, काहींत सलाईनइतकाच. गुडघ्याच्या वाटीखालचा पटेलर टेंडन आणि टाचेखालचा प्लांटर फॅशिया यांवरचे अभ्यास लहान आहेत.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, सलाईनचं इंजेक्शन दिलेल्यांनाही बरं वाटतं, आणि टेनिस एल्बो तर काहीच न करता वर्षभरात बहुतेकांचा बरा होतो. म्हणून "माझ्या मित्राला एका इंजेक्शनमध्ये फरक पडला" यावरून निर्णय घेऊ नका.

अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतं ते डी क्वेर्व्हेन आणि बोट अडकतं ते ट्रिगर फिंगर, या दोन्हीत माझ्या मते हायल्युरॉनिक अॅसिड पहिली निवड नाही, तिथे आवरण घट्ट झालेलं असतं आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन चांगलं काम करतं. बाकी टेंडनमध्ये स्टिरॉइडबद्दल मात्र मी सावध आहे. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जो मोठा आढावा आला त्यात हेच दिसलं की टेनिस एल्बोत स्टिरॉइडने पहिले काही आठवडे मस्त वाटतं आणि सहा महिने-वर्षाने बघितलं तर इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षाही त्यांची अवस्था वाईट असते. शिवाय डायबेटिस असेल तर स्टिरॉइडनंतर काही दिवस शुगर चढते, हायल्युरॉनिक अॅसिडने तसं होत नाही, आणि डायबेटिस असणाऱ्यांना टेंडनचा त्रास मुळात जास्त होतो त्यामुळे हा मुद्दा छोटा नाही. पीआरपीबद्दल, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग काढून टोचतात त्याबद्दल, पण विचारतात, त्यात अकिलीसच्या बाबतीत २०२१ च्या एका चांगल्या मोठ्या अभ्यासात, २४० लोक होते, खोटं इंजेक्शन आणि पीआरपी यात फरक सापडला नाही.

माझ्या हिशोबाने हायल्युरॉनिक अॅसिड कुणी घ्यावं, तर ज्याने किमान तीन महिने नीट, वजन वाढवत व्यायाम केलाय आणि तरी अडकलाय, किंवा दुखणं इतकं आहे की व्यायाम सुरूच करता येत नाहीये. रबर बँड चार वेळा ओढून सोडून दिला, त्याला तीन महिने व्यायाम म्हणत नाहीत, हे प्रेमाने सांगतेय.

डॉक्टरांना काय विचारायचं

लाजायचं अजिबात नाही, चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात. पहिला प्रश्न, सुई कुठे जाणार? टेंडनच्या बाजूला, आवरणात किंवा आवरण आणि टेंडनच्या मध्ये, हे नेहमीचं उत्तर. टेंडनच्या आत जोर लावून ढकलणं टाळतात. दुसरा, सोनोग्राफी बघत देणार का? अकिलीस, पटेलर, मनगट अशा जागी मी तरी याचा आग्रह धरेन कारण मिलीमीटरचा मामला आहे, जागा चुकली तर औषध चरबीत जाऊन बसतं आणि मग आपण म्हणतो की हायल्युरॉनिक अॅसिडचा उपयोग नाही.

तिसरा, कुठलं प्रॉडक्ट? हे सगळे सारखे नसतात. साखळीची लांबी वेगळी, म्हणजे मोलेक्युलर वेट पाच लाख डाल्टनपासून साठ लाखांपर्यंत, काही कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेले तर काही बॅक्टेरियाच्या फर्मेंटेशनने बनवलेले. अंड्याची, कोंबडीची किंवा पिसांची अॅलर्जी असेल तर तुऱ्यापासूनचं नको, आठवणीने सांगा. चेहऱ्यावर भरायचे फिलर पण हायल्युरॉनिक अॅसिडचेच असतात पण ते क्रॉसलिंक केलेले, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडलेले, घट्ट, जागेवर टिकून राहण्यासाठी बनवलेले असतात, ते टेंडनसाठी नाहीत. टेंडनसाठी म्हणून वेगळी प्रॉडक्ट युरोपात मिळतात, उदाहरणार्थ २ मिलीत ४० मिलिग्रॅम असलेली, अमेरिकेत मात्र मान्यता गुडघ्याच्या झिजेसाठी आहे आणि टेंडनला दिलं तर तो मान्यतेबाहेरचा वापर धरतात. मान्यतेबाहेरचा म्हणजे बेकायदेशीर नाही, पण डॉक्टरांनी ते तुम्हाला सांगितलं पाहिजे.

चौथा, किती वेळा? साधारण एक ते तीन इंजेक्शनं, एक किंवा दोन आठवड्यांच्या अंतराने. कुणी पहिल्याच दिवशी पाचाचं पॅकेज विकत असेल तर थांबा.

क्रीम, सीरम आणि गोळ्यांबद्दल पण इथेच सांगून टाकते: चेहऱ्याला लावायचं हायल्युरॉनिक अॅसिड कोपराला चोळून टेंडनपर्यंत पोचत नाही, रेणू फार मोठा आहे. त्यावर खर्च करू नका.

घेण्याआधी

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्या ज्या कारणासाठी दिल्यात ते कारण टाचेपेक्षा मोठं असतं. त्या जागी त्वचेवर फोड, जखम, खाज, इन्फेक्शन असेल तर इंजेक्शन पुढे ढकला. ताप असेल तरी पुढे ढकला. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी सांगा, त्या काळात बहुतेक जण थांबायलाच सांगतात.

एक गोष्ट लोक सांगायची विसरतात ती म्हणजे अँटिबायोटिक. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली औषधं टेंडनला इजा करू शकतात, तुटूही शकतो, विशेषतः अकिलीस, आणि साठीच्या पुढे किंवा स्टिरॉइड चालू असताना धोका वाढतो. अमेरिकेत २००८ पासून या औषधांवर तसा ठळक इशारा छापतात. गेल्या काही महिन्यांत लघवीच्या किंवा पोटाच्या इन्फेक्शनसाठी हे घेतलं असेल आणि दुखणं त्यानंतर सुरू झालं असेल तर ही माहिती फार महत्त्वाची आहे, पूर्ण उपचाराची दिशाच बदलते.

अजून एक बारीक मुद्दा, त्वचा साफ करायला बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखं क्वाटर्नरी अमोनियमवालं जंतुनाशक वापरू नये असं बऱ्याच प्रॉडक्टच्या कागदावर लिहिलेलं असतं कारण त्याच्याशी गाठ पडली की हायल्युरॉनिक अॅसिड फाटल्यासारखं होऊन साका बसतो. हे बघणं तुमचं काम नाही, क्लिनिकचं आहे, पण माहीत असलेलं बरं.

आणि त्याच आठवड्यात, सुई टोचण्याआधी, आपली आजची अवस्था मोबाईलमध्ये लिहून ठेवा. सकाळचं आखडणं किती मिनिटं टिकतं, जिना उतरताना किंवा किटली उचलताना दहापैकी किती दुखतं, एका पायावर उभं राहून टाच उचलून चवड्यावर किती वेळा जाता येतं. हे नसेल तर सहा आठवड्यांनी तुम्ही मला "थोडं बरं वाटतंय बहुतेक" एवढंच सांगाल आणि त्यावरून पुढचं इंजेक्शन घ्यायचं का हे कुणालाच ठरवता येणार नाही.

त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस

इंजेक्शन स्वतः पाच-दहा मिनिटांचं काम आहे. सैल कपडे घाला, उजवा पाय किंवा खांदा असेल तर गाडी चालवायला कुणीतरी सोबत न्या. दाब जाणवतो, थोडी कळ येते, सुन्न करायचं औषध मारलं असेल तर पहिले काही तास एकदम छान वाटतं. ते खरं नाही, तो सुन्नपणा आहे, तेवढ्यात पळून किंवा वजन उचलून बघू नका.

मग एक ते तीन दिवस जागा दुखते, थोडी सुजते, गरम लागते. चालतं. पातळ कापडात गुंडाळून बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून काही वेळा. पहिले दोन दिवस पळणं, उड्या, जोराने पिळणं, जड उचलणं बंद, पण घरातलं साधं हालचाल-चालणं चालू ठेवा, पट्ट्यात बांधून ठेवायची गरज नाही. मालीश नको, त्या जागेला दाबून चोळणं तर अजिबात नको.

दुखणं तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, लाली पसरत असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, पू दिसत असेल तर फोनवर न थांबता डॉक्टरकडे जा, इन्फेक्शन क्वचित होतं पण झालं तर तास मोजायचे असतात. अंगावर गांध्या उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं असं काही झालं तर सरळ इमर्जन्सी.

खरं काम: पुढचे बारा आठवडे

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, ठणका उतरला की, आयसोमेट्रिक सुरू करा, म्हणजे हालचाल न करता ताण धरून ठेवायचा. अकिलीस असेल तर दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर ४५ सेकंद थांबायचं, मध्ये दोन मिनिटं आराम, असं पाच वेळा. कोपर असेल तर हात टेबलावर पालथा ठेवून, हातात छोटं वजन घेऊन मनगट सरळ धरून ठेवायचं. खांदा असेल तर कोपर अंगाला लावून हाताची मागची बाजू भिंतीवर बाहेरच्या दिशेने दाबायची. जोर सगळा लावायचा नाही, साधारण सत्तर टक्के.

आठवडाभराने हालचालीचे व्यायाम. इथे दोन रस्ते आहेत. एक अल्फ्रेडसन या संशोधकाचा, १९९८ चा, पायरीच्या कडेवर उभं राहून टाच फक्त सावकाश खाली सोडायची, वर जाताना दुसऱ्या पायाने, गुडघा सरळ ठेवून ३ सेट पंधराचे आणि वाकवून ३ सेट पंधराचे, दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. हा रस्ता काम करतो पण माणसं कंटाळतात. दुसरा हेवी स्लो म्हणतात तो, आठवड्यातून तीनदा, वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन सेकंद, सुरुवात पंधरा वेळा होईल अशा वजनाने आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी वजन वाढवत सहा-आठ वेळाच जमेल इथपर्यंत. निकाल दोन्हीचे जवळपास सारखे येतात, मी दुसरा देते कारण लोक तो पूर्ण करतात.

एक दिवसाआड का, तर जोरदार व्यायामानंतर टेंडनमध्ये कोलॅजन बनणं आणि मोडणं दोन्ही वाढतं, पहिला दिवस-दीड दिवस मोडणं जास्त असतं आणि त्यानंतर बनणं पुढे जातं. रोज जड घातलं तर तुम्ही मोडण्याच्या बाजूलाच राहता. हलकं चालणं, आयसोमेट्रिक हे रोज चालेल.

दुखत असताना करायचं का, हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. करायचं, पण मर्यादेत. करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालतं, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ पातळीला आलेलं असलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढत जाता कामा नये. सकाळी जास्त आखडलं तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. इंजेक्शन घेतलेल्यांसाठी उलटी काळजी पण आहे, दुखणं एकदम दोनवर आलं म्हणून पाच किलोमीटर पळून येतात. दुखणं उतरलंय, टेंडनची ताकद अजून तीच आहे, दुसऱ्या आठवड्यात ती वाढलेली नसते.

अकिलीस जिथे टाचेच्या हाडाला चिकटतो तिथेच दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं, आणि पोटरी ताणायचे स्ट्रेच पण सध्या बंद, कारण तसं ताणल्यावर टेंडन हाडावर दाबला जातो आणि तो दाबच त्रास देत असतो. बुटात टाचेखाली थोडी उंची घातली तर आराम पडतो. कंबरेच्या बाजूच्या दुखण्यात याच कारणासाठी पायावर पाय टाकून बसणं आणि एका पायावर रेलून उभं राहणं सोडा. कोपरवाल्यांनी वस्तू उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेवून उचला, पालथ्या हाताने नको, एवढ्यानेही दिवसभरातला ताण खूप कमी होतो.

पळणं, उड्या, रॅकेट हे सहा आठवड्यांच्या आधी नको. एका पायावर वीस-पंचवीस वेळा टाच उचलून चवड्यावर आरामात जाता येतंय, रोजच्या चालण्यात दुखत नाही, तेव्हा सुरू करा, एक मिनिट पळा एक मिनिट चाला, आणि दोन पळण्यांच्या मध्ये दोन दिवस सोडा.

फरक नाही पडला तर

पहिल्या इंजेक्शननंतर एका आठवड्यात काहीच कळलं नाही म्हणून निराश होऊ नका, फरक बहुतेकदा दोन ते सहा आठवड्यांत जाणवतो. मोबाईलमधली नोंद सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी परत तपासा. सहा आठवड्यांत आकडे अजिबात हलले नसतील तर तेच औषध परत परत टोचून घेण्यात मला अर्थ दिसत नाही, त्याऐवजी डायग्नोसिस पुन्हा तपासा, सुई नेमकी कुठे गेली होती ते विचारा, व्यायामाचं वजन खरंच वाढलं होतं का ते बघा, झोप, शुगर, थायरॉइड यांच्याकडे पण एकदा नजर टाका. शॉकवेव्ह हा पुढचा पर्याय असतो, ऑपरेशन सगळ्यात शेवटी आणि ते पण सहा महिने ते वर्षभर नीट प्रयत्न झाल्यावरच.

आणि फायदा झाला, चार-सहा महिने छान गेले आणि मग थोडं दुखायला लागलं, तर लगेच इंजेक्शनकडे धावू नका. आधी दोन आठवडे पळणं-खेळणं निम्म्यावर आणा, व्यायाम परत आठवड्यातून तीनदा करा, बहुतेक वेळा व्यायाम बंद पडलेला असतो म्हणूनच ते आलेलं असतं. त्यानेही बसलं नाही तर दुसरा कोर्स घेता येतो, पहिल्या वेळेस खरंच फायदा झाला होता असं तुमच्या नोंदीत दिसत असेल तर.